‘ने’ म्हणाला, म्हणून नेला

परदेशातून परत आलेल्या माणसाला अमरावतीत पहिला प्रश्न विचारतात, "काय पाहिलं?" दुसरा विचारतात तो जरा जवळ सरकून, "खाल्लं काय?" आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकेपर्यंत पहिल्याचं उत्तर कोणी ऐकत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. कोरियात मी भात खाल्ला, कोबी खाल्ला आणि गरजेपेक्षा फारच जास्त खाल्ला. त्याचं कारण पुढे येईल. आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे तिथल्या राजाच्या वाड्याकडे, वळायला हरकत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. कोरियाबद्दल आमच्या पुस्तकात जेमतेम एक ओळ आहे: द्वीपकल्प, मुख्य पीक भात. ही ओळ मी दरवर्षी अशा ठसक्यात सांगत असे की जणू कालच तिकडची रोवणी आटोपून आलो. त्या पापाचं फळ म्हणा की पुण्याचं, सेऊल शहरातल्या काही बौद्ध शिक्षकांनी ठिकठिकाणच्या बौद्ध मास्तरांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि एका ओळखीच्या भंतेजींनी माझं नाव सुचवलं. पासष्टची लढाई होऊन वर्ष झालं होतं. ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या मास्तरांचं आडनाव पाक. ‘मी पाकांच्या घरी राहणार आहे’ एवढं मी सांगितलं आणि आमच्या शाळेच्या शिपायानं दोन दिवस मला पाणी आणून दिलं नाही.

गाव आमचं भातकुलीजवळ. निरोप घ्यायला गेलो तेव्हा माझा बा विहाराच्या बांधकामावर होता. वस्तीनं स्वतःच्या अंगमेहनतीनं विहार उभा करायला घेतला होता. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. तिकडे राजाचे जुने वाडे आहेत, ते दाखवणार आहेत, असं मी बाला सांगितलं.

"राजा हाय?" बानं विचारलं.

"राजा गेला. वाडे राहिले."

"मंग त्याच्या आंगनातला एक गोटा आनजो मले."

मी म्हटलं, गोटा कशाला, चांगलं घोंगडं आणतो, घड्याळ आणतो. बा म्हणाला, "गोटा आनजो. कावून ते आनल्यावर सांगतो. नाई आनला तं सांगूनई काय फायदा?"

बाचं आणि गोट्याचं नातं मला माहीत होतं. आमच्या गावच्या पाटलांच्या अंगणात निंबाखाली एक काळा गोटा होता. आमच्या लोकांनी तिथवर यायचं, तिथं उभं राहायचं आणि ओट्यावर बसलेल्या पाटलांशी तिथूनच बोलायचं. बाची अर्धी जिंदगी त्या गोट्याजवळून ओरडून बोलण्यात गेली. त्यामुळे त्याचा आवाज असा तयार झाला आहे की आजही तो माझ्या कानात गुपित सांगू लागला की शेजारच्या घरात जेवणारा माणूस घास थांबवून ऐकतो. छप्पन साली दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. तेव्हापासून बा त्या गोट्याजवळ गेला नाही. पाटलांनी बोलावणं पाठवलं तर सांगायचा, काम असेल तर पाटलांनी यावं. पाटील काही आले नाहीत. दोघेही आपापल्या अंगणात बसून होते.

बानं मला शिकवलं, पण माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं आणि तेही गोटा. मी हो म्हणालो.

पाकांच्या घरी

विमानातली दगदग सांगत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते आणि सगळ्यांना आपलीच मोठी वाटते. सेऊलमध्ये उतरलो तेव्हा थंडी पडू लागली होती. कोरियाच्या लढाईत हे शहर पार भाजून निघालं होतं म्हणतात. आता जिकडेतिकडे सिमेंटच्या गोण्या, परांच्या आणि नव्या इमारती. बसगाड्या, ट्रामगाड्या, आणि त्यातून डोक्यावर टोपलं घेऊन बिनधास्त रस्ता ओलांडणाऱ्या बाया. हे शेवटचं दृश्य पाहून मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटेनासं झालं. पाकांच्या गल्लीत तर घराघराच्या छपरावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पाक मास्तर कॉलेजात इतिहास शिकवायचे. माझ्याच वयाचे, चष्मा लावणारे, इंग्रजी जपून बोलणारे. घरात त्यांची माय, बायको आणि लहान मुलगी. तिथं जोडे दाराबाहेर काढतात, जमिनीवर बसतात आणि जमिनीवर झोपतात, म्हणजे सगळं आपल्यासारखंच; फरक एवढाच की जमिनीखालून चुलीचा धूर फिरवून ती गरम ठेवतात. पहिल्या रात्री माझी पाठ भाकरीसारखी शेकून निघाली. मी दर थोड्या वेळानं कूस बदलत होतो, न जाणो, एका बाजूनं करपायचो.

जेवायला भात, आणि भोवती वाट्याच वाट्या. हातात दोन लोखंडी सळया देतात आणि त्यांनी जेवा म्हणतात. मी दोनदा भात सांडला आणि मग सरळ चमच्याला शरण गेलो. कोबीचं एक आंबवलेलं तिखट लोणचं असतं, त्याला किमची म्हणतात. एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं. पाक म्हणाले, घरची आठवण आली का? मी हो म्हणालो. ठेच्याचीही आठवण आली होती, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

खरी गंमत भाषेची झाली. पाकांची माय वाढायला आली. पोट भरलं होतं म्हणून मी ताटावर हात आडवा धरून म्हटलं, "ने, माय, ने." त्या बाईनं हसून आणखी भात वाढला. मी आणखी काकुळतीनं म्हटलं, "ने, ने!" तिनं आणखी वाढला. मला वाटलं, हा आपल्याकडचाच आग्रह. वऱ्हाडात तरी पाहुण्याचं कोण ऐकतं? संपवला निमूटपणे.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर टांगलेला एक भोपळ्याचा डोल दिसला, पाणी काढायचा. आमच्याकडच्या तुंब्यासारखाच. मी हातात घेऊन म्हटलं, "फार छान आहे हो." माय म्हणाली, "ने." मी चकित झालो. विचारलं, "खरंच नेऊ?" ती म्हणाली, "ने, ने." म्हातारी माणसं इतक्या प्रेमानं देत असताना नाही कसं म्हणायचं? नेला. बॅगेत भरला.

त्या रात्री गरम जमिनीवर पडल्या पडल्या मी एक सिद्धांत रचला. पाकांची मुलगी बापाला ‘आप्पा’ म्हणत होती. आईला तर ‘ओम्मा’. आणि ‘ने’ म्हणजे ने! अजिंठ्याच्या लेण्यांमधून निघालेले भिक्षू चालत चालत इथवर आले असणार आणि आपली मराठी इथं पेरून गेले असणार. या विषयावर एक मोठा लेख लिहून पुण्याला पाठवायचा, आणि वऱ्हाडी माणसाला बोलता येत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची, असं मी ठरवलं. मथळाही मनात तयार होता. तो सांगत नाही.

गुंग

सेऊलमध्ये राजाचे वाडे एक नाही, पाच आहेत. पाकांनी आधी मला ज्यात नेलं त्यात प्राणिसंग्रहालय निघालं. जपान्यांचं राज्य असताना त्यांनी राजाची जिरवायची म्हणून त्याच्या घरात माकडं आणून बसवली. जपानी गेले, माकडं राहिली. लोक पोराबाळांना घेऊन येतात, राजाच्या झाडाखाली शिदोरी सोडतात. मला मात्र पाकांच्या घरच्या सगळ्यांनी मिळून हत्तीपुढे उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले. भारताचा माणूस, हत्ती पाहून त्याला भरून येईल अशी त्यांची समजूत. भातकुली तालुक्यात हत्ती सर्कशीबरोबर येतो आणि सर्कशीबरोबर जातो. तरीही मी गळा दाटल्यासारखं केलं. पाहुण्याचंही काही कर्तव्य असतं.

गोट्याच्या दृष्टीनं हा वाडा मी बाद केला. माकडाच्या अंगणातला गोटा बाला चालला नसता.

मग थोरला वाडा. त्याचं नाव क्योंगबोकगुंग. यातला शेवटचा ‘गुंग’ तेवढा मला पहिल्याच फटक्यात म्हणता आला. गुंग म्हणजे राजवाडा. या वाड्याच्या ऐन तोंडावर जपान्यांनी आपली भली मोठी दगडी कचेरी बांधून ठेवली आहे, त्यामुळे रस्त्यावरून वाडा दिसतच नाही. आत गेल्यावर मात्र एकदम मोकळं होतं. पाठीमागे डोंगर, त्याच्या पायाशी दुहेरी छपराचा लाकडी दरबार, हिरवा-तांबडा रंगवलेला, आणि समोर पसरलेलं दगडी फरशीचं अंगण. बाहेर बसगाड्यांचे भोंगे वाजत होते आणि इथं एक म्हातारा खराट्यानं पानं झाडत होता.

दरबारात डोकावलो. सिंहासनामागे सूर्य आणि चंद्र एकाच वेळी काढलेले. राजाला बिचाऱ्याला दिवस आहे की रात्र ते कळत नसावं. अंगणातल्या फरशीत जागोजागी लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. इथं बैल बांधत का, म्हणून मी विचारलं. पाकांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की त्या तंबूच्या दोऱ्यांसाठी आहेत.

मग मला ते दगड दिसले. अंगणाच्या मधून दरबारापर्यंत एक वाट जाते, आणि तिच्या दोन्ही अंगांना कमरेएवढे दगड रांगेनं उभे आहेत. प्रत्येकावर काही कोरलेलं. हे काय, म्हणून विचारलं.

पाक म्हणाले, "हे दर्जाचे दगड. पहिल्या दर्जाचा सरदार पहिल्या दगडाजवळ उभा राहायचा, राजाच्या जवळ. दुसऱ्याचा दुसऱ्याजवळ. असे नऊ. आपला दगड सोडून पुढे यायचं नाही."

मी हसायला लागलो. मोठ्यानं. खराटेवाला म्हातारा थांबून पाहू लागला. एवढा हजारो मैलांचा प्रवास करून मी पुन्हा आमच्या पाटलांच्याच अंगणात येऊन उभा राहिलो होतो. फक्त निंबाचं झाड तेवढं नव्हतं.

"आणि आपला दगड कुठे?" मी विचारलं. "बौद्धांचा? भिक्षूंचा?"

पाकांनी हात वाड्याच्या भिंतीपलीकडे केला. मग म्हणाले, "भिक्षूंना दगड नव्हता. त्यांना सगळ्यांत हलकं धरत. या राजांच्या काळात शेकडो वर्षं भिक्षूंना शहराच्या वेशीतच येऊ देत नव्हते."

माझं हसू आटलं. वेस हा शब्द मला कोणी समजावून सांगायला नको होता. मला खरोखरच राग आला, कोणत्या तरी मेलेल्या राजाचा, ज्याचं नावही मला धड घेता येत नव्हतं. मी मधल्या वाटेकडे बोट दाखवलं. तिचा मधला पट्टा जरा उंच होता. तो कोणाचा, म्हटलं. फक्त राजाचा, पाक म्हणाले. मी सरळ त्यावर चढलो आणि चालू लागलो. पाहतो तर पाक बाजूच्या सखल फरशीवरून माझ्याबरोबर चालताहेत. इतिहासाचा मास्तर, सगळं शिकलेला, पण पाय आपोआप खालून चालत होते. मी म्हटलं, "वर या की." ते इकडेतिकडे पाहून वर आले. आम्ही दोघे राजासारखे दरबाराच्या पायरीपर्यंत गेलो आणि करण्यासारखं तिथं काही नव्हतं म्हणून परत आलो.

आता गोटा घ्यायचाच, आणि याच अंगणातला घ्यायचा, हे पक्कं झालं. कडेच्या भिंतीजवळ फरशीची दुरुस्ती चालली होती आणि फुटक्या दगडांचा ढीग पडला होता. त्यात एक तुकडा भाकरीएवढा, एका बाजूनं पायांनी झिजून गुळगुळीत झालेला. पाक फोटो काढण्यात गुंतले होते. मी खराटेवाल्या म्हाताऱ्याजवळ गेलो. तो तिथला राखणदारच होता, डोक्यावर टोपी, दंडावर पट्टी. मी दगडाकडे बोट दाखवून अगदी अदबीनं विचारलं, "आजोबा, हा नेऊ का?"

म्हातारा वाकून म्हणाला, "ने."

आता याहून स्पष्ट परवानगी कोणती असते? मी दगड खांद्यावरच्या पिशवीत घातला.

दरवाजावर

पिशवी अमरावतीच्या शिंप्यानं शिवलेली होती. त्यानं ती वह्यांसाठी शिवली होती, राजाच्या अंगणासाठी नव्हे. दरवाजातून बाहेर पडता पडता तिचा बंद तुटला आणि दगड धाडकन पडला तो नेमका पहारेकऱ्याच्या बुटापाशी. त्यानं दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मला धडकी भरली. आपल्याकडे शिपाई आधी शिव्या देतो, त्यात निदान ओळख तरी असते.

आम्हाला एका खोलीत नेलं. टेबलामागे एक साहेब. त्यानं शांतपणे विचारलं, हा दगड उचलायला परवानगी कोणी दिली? मी पाकांना म्हटलं, सांगा त्याला, त्या खराटेवाल्या म्हाताऱ्यानं दिली. मी विचारलं, नेऊ का? तो म्हणाला, ने.

"कोणत्या भाषेत विचारलंत?" पाकांनी मला विचारलं.

"मराठीत."

"त्याला मराठी येतं?"

तेव्हा मी पाकांना माझा सिद्धांत सांगितला. अजिंठा, भिक्षू, आप्पा, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ते खुर्चीवर बसले.

"आमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’," ते म्हणाले. "आम्ही सगळ्यालाच ने म्हणतो. ऐकू आलं, तरी ने. समजलं, तरी ने. समजलं नाही, तरी ने."

माझ्या डोळ्यांपुढून ती सगळी जेवणं गेली. मी ताटावर हात धरून ‘हो हो, वाढ’ म्हणून ओरडत होतो. पाकांच्या आईला काय वाटलं असेल, मी विचारलं. पाक खाली पाहत म्हणाले, "तिला वाटतं भारतात फार उपासमार आहे." आणि तो तुंबा? त्याबद्दल ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा घेऊन आली.

त्या साहेबानं राखणदाराला बोलावणं धाडलं. आता मला खरी भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. माझं काय, फार तर हाकलून देतील. पण माझ्या मराठीपायी त्या म्हाताऱ्याची भाकरी जाणार होती. पाकांनी विचारलं, अहो, पण दगड हवा कशाला होता? मग मी सांगितलं. पाटलांचं अंगण, निंबाखालचा गोटा, बाचा आवाज, विहार, सगळं. पाक ते कोरियनमध्ये साहेबाला सांगू लागले. मध्येच म्हातारा आला. टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला, आत आला नाही. तसं उभं राहणं मी ओळखतो. पाक बोलत राहिले आणि तोही ऐकत राहिला.

मग साहेबानं त्याला एक प्रश्न विचारला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. टेबलावरच्या दगडाकडे पाहिलं.

"ने," तो म्हणाला.

साहेबानं पुन्हा विचारलं, जरा कडक आवाजात.

"ने," म्हातारा म्हणाला. या वेळी खणखणीत, थेट माझ्या बासारखा.

प्रश्न काय होता ते पाकांनी बाहेर आल्यावर सांगितलं. साहेबानं विचारलं होतं, तू जाणूनबुजून याला हा दगड नेऊ दिलास का? त्या दुसऱ्या ‘ने’वर साहेबानं टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे ओढलं. मग त्यात दगड स्वतः गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिला आणि पाकांना म्हणाला, फुटकाच आहे, टाकूनच देणार होतो. पण पाहुण्यांना म्हणावं, यापुढे कोरियन भाषेत विचारा. म्हाताऱ्याचं काय, म्हणून मी विचारलं. तो तोवर अंगणात परतून पानं झाडायला लागलाही होता. मी लांबून हात जोडले. त्यानं मान हलवली. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

घरी पोचल्यावर तुंबा मायच्या पुढे ठेवला आणि वाकून माफी मागितली. तिनं तो पुन्हा माझ्या बॅगेत घातला आणि जेवायला वाढलं. मी मुकाट्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

परत

मुंबईच्या कस्टमवाल्यानं कागद सोडून पाहिला, दगड निघाल्यावर पुन्हा गुंडाळला आणि मी बरा आहे ना असं विचारलं.

गावी बानं दगड हातावर तोलला, झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. मी त्याला नऊ दर्जांचे दगड सांगितले, वेशीबाहेरचे भिक्षू सांगितले, राखणदाराचं ‘ने’ सांगितलं. त्याला ते शेवटचं फार आवडलं. तोवर विहार बांधून होत आला होता. विहाराच्या मंडळातल्या लोकांचं म्हणणं पडलं की बौद्ध देशातून आलेला दगड, तो काचेच्या पेटीत, मूर्तीच्या बाजूला ठेवावा. बानं ऐकून घेतलं आणि दगड दाराबाहेर, पायरीच्या आधी, जमिनीत बसवला. पाय धुवायला.

"राजाचा गोटा पाय धुवायले?" एकानं विचारलं.

"राजाच्या घरी एकेकाचा एकेक गोटा," बा म्हणाला. "आपल्या इथं साऱ्याइचा एकच. आन् ज्याचे पाय धुवून झाले त्यानं लोटा घ्यायचा, मागच्याच्या पायावर पानी घालायचं. असं."

विहार उघडला त्या दिवशी सारी वस्ती आली. आणि दुपारी, कोणाला वाटलं नव्हतं, पाटील आले. म्हातारे झाले होते, काठी घेऊन, एकटेच. अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबले. त्यांना कळेना की उभं कुठे राहायचं. आयुष्यात त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती. सारी वस्ती बाच्याकडे पाहू लागली.

बा लोटा घेऊन पुढे झाला. हळू बोलावं म्हणून त्यानं प्रयत्न केला असावा, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"इथं उभे राहा, पाटील. सारे इथंच उभे रायतात."

पाटलांनी धोतर जरा वर धरलं आणि दगडावर एक पाय ठेवला, मग दुसरा. बानं पाणी घातलं. पाय धुवून झाल्यावर बानं लोटा त्यांच्या हातात दिला. पाटलांनी लोट्याकडे पाहिलं, बाच्याकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. रांगेत मागे माझी माय उभी होती. ती पुढे आली आणि तिनं दगडावर पाय ठेवला.

पाटील वाकले. लोटा एकदम कलंडला आणि भसकन पाणी पडलं.

"हळू घाला ना, पाटील," माय म्हणाली, "लुगडं भिजून राहिलं."

पाटलांनी लोटा सरळ धरला आणि हळू घातलं.